माकडांवर एचआयव्हीच्या लशीची चाचणी: परवानगी मिळेपर्यंतचा माझा अनुभव

माकडांच्या खोलीत पाऊल ठेवायच्या आधी तपासणी माझीच झाली. एचआयव्हीच्या नव्या लशीची ऱ्हीसस माकडांवर चाचणी करायला मी अमेरिकेतल्या एका प्रायमेट सेंटरमध्ये रुजू झाले होते. माणसाचा क्षय किंवा गोवर तिथे शिरला तर माकडं पटापट दगावू शकतात, म्हणून दोन्हींचे दाखले सक्तीचे. लहानपणी बीसीजी टोचलेल्या आपल्यापैकी अनेकांची कातडीवरची टीबी टेस्ट पॉझिटिव्ह येते, तशी माझीही आली. हात टरारून सुजला. मग रक्ताची टेस्ट, छातीचा एक्स-रे. भारतातून येणाऱ्यांनी आधीच रक्ताची टेस्ट मागून घ्यावी.

पुढे बी व्हायरसचं प्रशिक्षण. माकडाला तो फारसा त्रास देत नाही, माणसाच्या मात्र मेंदूपर्यंत पोचतो. 1997 साली अटलांटाच्या यर्कीझ केंद्रात काम करणाऱ्या 22 वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात माकडाकडून काहीतरी उडालं आणि त्यातून ती गेली. ते ऐकल्यावर गॉगल घालायची आठवण मला कुणी करून द्यावी लागली नाही.

खरी कसोटी प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या प्राणी-समितीपुढे होती. माकडंच का? तर अँटिबॉडी तयार होतात का हे सशातही कळतं, पण लागण थांबते का हे कळत नाही. माकडाच्या पेशीतलं ट्रिम-5-अल्फा हे प्रथिन एचआयव्हीला रोखतं, म्हणून एसआयव्ही हा माकडांमधला एचआयव्हीसारखा विषाणू वापरायचा, नाहीतर त्यालाच एचआयव्हीचं आवरण चढवून केलेला शिव्ह.

कोणता विषाणू द्यायचा यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. मर्क या औषध कंपनीची, अ‍ॅडिनोव्हायरस वापरून बनवलेली एचआयव्हीची लस माकडांत शिव्ह 89.6पी या वाणासमोर छान ठरली होती. एसआयव्हीमॅक239 या चिवट वाणासमोर तिचा फारसा निभाव लागला नाही. त्याच लशीची माणसांवरची 'स्टेप' नावाची चाचणी सप्टेंबर 2007 मध्ये थांबवावी लागली. लस घेतलेल्या काही पुरुषांत तर लागण जास्तच दिसली. सोपा विषाणू निवडून मिळवलेल्या यशासाठी माकडाचा जीव घेणं मला मान्य नाही. आम्ही 239च घेतला, तोही कमी मात्रेत, पुन्हापुन्हा द्यायचा असं ठरवून.

माकडांच्या कागदांवर 'इंडियन ओरिजिन' असं होतं. भारताने 1978 साली निर्यात बंद केली, त्याआधी नेलेल्या माकडांचे हे वंशज. त्यांच्यातल्या मामू-बी*08 किंवा बी*17 जनुकं असलेल्या काहींना हा विषाणू लशीशिवायही आटोक्यात ठेवता येतो. अशी माकडं एकाच गटात गेली तर निकालच फसवा ठरेल. म्हणून जनुकं तपासूनच गट पाडले.

शेवटची अट समितीने घातली: शेजारची लॅब हाच विषाणू, हाच डोस वापरणार होती, तेव्हा बिनलशीचा गट दोघांनी मिळून एकच ठेवायचा. दोन्ही लॅबची वेळापत्रकं जुळवण्यात बरंच काम वाढलं. पण तेवढी माकडं वाचली, आणि त्यानंतरच मंजुरीवर सही झाली.