मुद्रितशोधक बाईंचा घडीचा फोन

मोबाइल दुरुस्तीच्या माझ्या टेबलावर घडीचे, म्हणजे पडद्यासकट मधोमध दुमडता येणारे फोन येऊ लागल्यापासून ‘असा फोन घ्यावा का?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि बहुतेकांना मी ‘साधाच घ्या’ असे सांगतो. माझे हे मत आजही कायम आहे. मात्र ते कोणाला लागू पडत नाही, हे एका केसमध्ये मला इतके स्पष्टपणे पाहायला मिळाले की त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते.

एके दुपारी एक वयस्कर बाई आपल्या मुलीबरोबर आल्या. त्यांचा फोन पुस्तकासारखा उघडणारा होता. बाहेरचा डिस्प्ले व्यवस्थित चालत होता, पण आतल्या डिस्प्लेवर घडीच्या रेषेत काळा पट्टा पसरला होता, डावीकडे हिरव्या रेघा उमटल्या होत्या आणि उजव्या अर्ध्या भागातला टच गेला होता. भिंगाखाली पाहिल्यावर कारण लगेच समजले. घडीवरची संरक्षक फिल्म मधोमध उचलली गेली होती, तिच्याखाली बारीक धूळ जाऊन बसली होती आणि वरच्या कडेपासून केसासारखी एक चीर खाली उतरली होती. फोन पडल्याची किंवा आपटल्याची एकही खूण नव्हती. रोजच्या उघडझापीत घडीखाली अडकलेल्या कणानेच आपले काम केले होते.

या फोनची रचना ठाऊक असेल तर यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. घडीच्या फोनांमध्ये 2020 पासून जी अतिपातळ काच वापरली जाऊ लागली, तिची जाडी सुमारे 30 मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी असते. तिच्यावर प्लास्टिकची फिल्म आणि तिच्याखाली प्लास्टिकवरच घडवलेला ओएलईडी थर, म्हणजे प्रत्यक्ष चित्र उमटवणारा थर असतो. बोट लागते ते त्या फिल्मला, आणि तिच्यावर नखाचासुद्धा ओरखडा उमटू शकतो. 2019 च्या एप्रिलमध्ये सॅमसंगच्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डचे परीक्षणासाठी दिलेले काही फोन अवघ्या काही दिवसांत बिघडले होते. काहींनी वरची फिल्म साधा स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली होती, तर एका फोनमध्ये घडीच्या फटीतून कण आत शिरला होता. त्यामुळे विक्री पुढे ढकलावी लागली आणि फिल्मच्या कडा चौकटीखाली नेऊन, फटी झाकून तो फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आला. त्यानंतर बिजागऱ्या खूपच सुधारल्या. 2021 पासून काही घडीच्या फोनांना आयपीएक्स8 हे मानांकन मिळू लागले, पण ते केवळ पाण्यापुरते आहे. त्यातला ‘एक्स’ धुळीबद्दल काहीच हमी देत नाही. पाणी आणि धूळ या दोन्हींसाठीचे आयपी68 मानांकन 2025 साली आलेल्या गूगल पिक्सेल 10 प्रो फोल्डला मिळाले. समोरचा फोन त्याच्या कितीतरी आधीचा होता.

मुलीने मुद्द्यालाच हात घातला. “दुरुस्तीच्या खर्चात चांगला साधा फोन येईल ना?” येईल, असे मी सांगितले. आतला डिस्प्ले बहुधा सुटा बदलता येत नाही. तो चौकट आणि बिजागरीसह पूर्ण जोडणी म्हणूनच बदलावा लागतो. शिवाय दोन पातळ भागांत विभागलेली बॅटरी आणि कॅमेऱ्यासाठी उरणारी अपुरी जागा यांमुळे त्याच किमतीचा साधा फोन या दोन्ही बाबतींत बहुतेकदा सरस ठरतो. “आई, मग आता साधाच घेऊ या,” मुलगी म्हणाली.

बाई शांतपणे म्हणाल्या, “साध्यावर मला काम करता येत नाही.”

त्या मुद्रितशोधनाचे काम करत होत्या आणि त्यांची दृष्टी बरीच मंदावली होती. प्रुफांची पाने त्या फोनवरच वाचत, कारण टॅब्लेट फार वेळ हातात धरणे त्यांना जमत नसे. मी त्यांच्याकडचे एक पान आमच्याकडच्या मोठ्या साध्या फोनवर आणि तपासणीसाठी ठेवलेल्या चालू घडीच्या फोनवर शेजारी शेजारी उघडले. साध्या फोनची रुंदी सुमारे 7 सेंटिमीटर, तर उघडलेल्या घडीच्या फोनची 12 सेंटिमीटरहून थोडी जास्त. म्हणजे संपूर्ण ओळ मावत असतानाच अक्षर जवळजवळ पावणेदोन पट मोठे. साध्या फोनवर अक्षर तेवढे मोठे केले की ओळीचा शेवट कडेबाहेर जात असे, आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवताना त्यांची नजर ओळ चुकवून खालच्या ओळीवर पडत असे. मोठ्या पानावर मात्र त्यांनी पाहता पाहता एक सुटलेला अनुस्वार आणि एक ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला उकार पकडला.

मुलीने एक चलच्चित्रही दोन्हींवर लावून पाहिले. तिथे हा फरक बराच आकसला, कारण आतला पडदा जवळपास चौरस असल्याने चित्राच्या वर आणि खाली काळे पट्टे राहतात आणि रुंदीत मिळणारा लाभ थोडाच असतो. चित्रपटांसाठी म्हणून घडीचा फोन घेणाऱ्यांना मी हे आवर्जून दाखवतो. उभा दुमडणारा छोटा घडीचा फोन तर उघडल्यावर साध्या फोनएवढाच होतो. खिशातली थोडी जागा वाचवण्यासाठी तोच नाजूक पडदा आणि तीच बिजागरी पत्करणे मला पटत नाही. पण ज्याला रोज पानभर मजकूर, तक्ते किंवा नकाशे वाचावे लागतात आणि मोठे उपकरण बाळगता येत नाही, त्याला या नाजूकपणाची पुरेपूर भरपाई मिळते. या बाईंच्या बाबतीत तर त्यांचे काम चालू राहणार की नाही, हाच प्रश्न होता आणि मला तो दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठा वाटला.

मी दुरुस्तीचा सल्ला दिला. बाहेरचा डिस्प्ले शाबूत असल्यामुळे लॉक उघडून सर्व फायलींचा बॅकअप लगेच घेता आला. एकच पडदा असलेला साधा फोन असता तर तो मेल्यावर हे इतके सोपे झाले नसते. “आणि हा नवा किती टिकेल?” मुलीने विचारले. उत्पादक दोन लाख वेळा उघडझाप केल्याच्या चाचण्या सांगतात; दिवसाला शंभर वेळा उघडला तरी तो हिशेब पाच वर्षांच्या पुढे जातो. परंतु चाचणीचे यंत्र स्वच्छ जागेत, एकसारख्या दाबाने फोन मिटत असते आणि त्या आकड्यात पर्समधली धूळ धरलेली नसते, हेही मी तिला सांगितले.

म्हणून नवी जोडणी बसवल्यानंतर मी बाईंना फिल्मची कड कशी पाहायची ते शिकवले: फोन उजेडात तिरपा धरायचा आणि घडीवर पांढुरकी रेघ किंवा बुडबुडा दिसला की बोटाने न दाबता, फिल्म न सोलता, फोन थेट अधिकृत केंद्रात नेऊन ती बदलून घ्यायची. त्यांनी तिथेच फोन तिरपा धरून पाहिला आणि रेघ नेमकी कुठे दिसेल ते मुलीलाही दाखवले. मुलीने फोनसाठी पर्समधला वेगळा कप्पा रिकामा केला.