तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूझवर गेलं तर कांगारू-पेंग्विन बघून होतात का?

मी सिडनीत राहते. पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून लेकीकडे किंवा मुलाकडे येणारे काका-काकू असोत की नवीन लग्न झालेली भाचरं, तिकिटं काढायच्या आधी सगळे एकच विचारतात. ‘सिडनी, मेलबर्न, होबार्ट अशी क्रूझ घेतली तर शहरं बघून होतील आणि कांगारू, कोआला, पेंग्विनही दिसतील ना?’

शहरं दिसतील, आणि छान दिसतील. प्राण्यांचं मात्र वेळापत्रक वेगळं आहे. इथले बहुतेक सस्तन प्राणी तिन्हीसांजेला किंवा रात्री बाहेर पडतात. कांगारू दुपारभर सावलीला लोळतो, कोआला दिवसाचे वीसेक तास झोपूनच असतो, वॉम्बॅट नावाचा ठेंगणा, गुबगुबीत प्राणी बिळात असतो. आणि बोट सकाळी धक्क्याला लागते, संध्याकाळी सुटते. म्हणजे प्राणी झोपलेले असतात नेमकं तेव्हाच तुम्ही किनाऱ्यावर असता.

पेंग्विनचंच बघा. फिलिप आयलंड मेलबर्नपासून सुमारे 140 किलोमीटर. तिथले पेंग्विन जगातले सगळ्यात छोटे, जेमतेम 33 सेंटिमीटर उंच आणि किलोभर वजनाचे. दिवसभर समुद्रात मासे धरतात आणि शिकारी पक्ष्यांच्या नजरेला पडू नये म्हणून अंधार झाल्यावरच घोळक्याने वाळू ओलांडून बिळांकडे जातात. डिसेंबर-जानेवारीत मेलबर्नचा सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमाराला. तोवर तुमची बोट बहुधा निघून गेलेली असते. म्हणून मी सांगते, पेंग्विन बघायचेच असतील तर मेलबर्नला सुरू होणारी किंवा संपणारी क्रूझ घ्या आणि तिथे जमिनीवर एक रात्र जास्तीची काढा. पेंग्विन बघतात त्या जागी फोटो काढायला बंदी आहे. मला ती बंदी फार आवडते, कारण माणसं निदान तेवढा वेळ डोळ्यांनी बघतात.

कोआलाला कुशीत घेऊन फोटो हवा असतो पुष्कळांना. सिडनीत आणि मेलबर्नला त्याला कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. या प्राण्याला हाताळणीचा ताण सोसत नाही. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड आणि राजधानीचा प्रदेश इथल्या कोआलांना 2022 साली संकटग्रस्त ठरवलं गेलं. लांबून बघा, झाडाच्या बेचक्यात कसा अंग मुडपून बसतो ते बघा.

दिवसाच्या उजेडात खरंच मन भरेल असं ठिकाण विचाराल तर मी टास्मानिया बेटावरच्या होबार्टजवळचं बोनोराँग सांगेन. बंदरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. जखमी आणि पोरक्या प्राण्यांना सांभाळणारी ही जागा. टास्मानियात रात्री गाड्यांखाली खूप प्राणी मरतात आणि मेलेल्या मादीच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं. अशी पिल्लं इथे वाढवतात. कांगारू इथे मोकळे फिरतात, हातातून खाणं घेतात. पण मी प्रत्येकाला टास्मानियन डेव्हिलच्या कुंपणापाशी थांबायला लावते. कुत्र्याच्या पिल्लाएवढा काळा प्राणी, छातीवर पांढरा पट्टा. शांत असतो तेव्हा कान फिकट गुलाबी दिसतात, चिडला की लालबुंद होतात. खाणं टाकलं की हाड, कातडं, केस सगळं कडाकडा फोडून गिळतो आणि दुसरा जवळ आला तर असा ओरडतो की बघणारे दोन पावलं मागे सरतात. 1996 साली टास्मानियाच्या ईशान्येला यांच्या तोंडावर गाठी दिसल्या. चाव्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा कॅन्सर. एकमेकांच्या तोंडाला चावणं हा यांच्या जगण्याचाच भाग, त्यामुळे रोग बेटभर पसरला आणि रानातल्या डेव्हिलांची संख्या प्रचंड घटली. हे माहीत असलं की त्या ओरडण्याकडे बघायची नजर बदलते.

होबार्टमध्येच आणखी एक जागा आहे, क्रूझवाल्यांच्या सहलींत ती सहसा नसते. क्वीन्स डोमेन नावाच्या टेकडीवर जुन्या बोमॅरिस प्राणिसंग्रहालयाची जागा आहे. अंगावर पट्टे असलेला थायलासीन, म्हणजे टास्मानियन वाघ (खरा वाघ नव्हे, कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी), त्यातला माहीत असलेला शेवटचा 7 सप्टेंबर 1936 ला तिथे मेला. त्याच्या आधी 1888 ते 1909 या काळात सरकारच या प्राण्याला मारणाऱ्याला बक्षीस देत होतं, मेंढ्या खातो म्हणून. त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं ते मरणाच्या जेमतेम दोन महिने आधी. सालामांकाच्या दगडी गोदामांमध्ये कॉफी प्या, शनिवार असेल तर बाजार फिरा, हवा स्वच्छ असेल तर 1271 मीटर उंचीच्या कुनान्यी डोंगरावर जा. पण अर्धा तास या टेकडीसाठी ठेवा.

मेलबर्न शहराबद्दल फार सांगत नाही. बोट लागते त्या स्टेशन पिअर धक्क्याजवळून 109 नंबरची ट्रॅम थेट शहरात नेते, सहल विकत घ्यायची गरज नाही.

आता माझं सिडनी. मोठ्या बोटी ‘सर्क्युलर की’ या धक्क्याला लागतात, कारण हार्बर ब्रिजच्या खालून जाण्याएवढी त्यांची उंची कमी नसते. तुमच्या फायद्याचंच आहे ते: एका बाजूला 1932 चा पूल, समोर 1973 साली खुलं झालेलं ऑपेरा हाऊस. पण डेकवरून बघून परत फिरू नका. पायऱ्या चढून त्या छताच्या अगदी जवळ जा. लांबून पांढरंशुभ्र वाटणारं छत दहा लाखांहून जास्त टाइल्सचं आहे आणि त्या सगळ्याच पांढऱ्या नाहीत: काही चकचकीत पांढऱ्या, काही बिनचकाकीच्या साईच्या रंगाच्या. म्हणूनच ऊन कितीही चढलं तरी डोळे दिपत नाहीत. ज्याने हे कल्पिलं त्या यॉर्न उट्झनने 1966 साली वादातून काम सोडलं आणि पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच पाहिली नाही. याच इमारतीच्या पाण्याकडच्या पायऱ्यांवर कित्येक वर्षं एक सील येऊन ऊन खात पडायचा. पाण्याच्या बाजूला जाल तेव्हा पायऱ्यांकडे नजर असू द्या.

आणि कचऱ्याच्या डब्याशी चोच खुपसून उभा असलेला पांढरा पक्षी दिसला तर नाक मुरडू नका. तो आयबिस, आपल्या पांढऱ्या शराटीचा सख्खा भाऊबंद. आतल्या भागातल्या पाणथळ जागा आटल्या, म्हणून तो शहरात आला. इथले लोक त्याला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. घर गेलेल्याने दुसरीकडे घर केलं, एवढंच आहे ते. सिडनीत मुक्काम असेल तर दिवेलागणीला आकाशात बघा, मोठाली वटवाघळं रांगेने खाण्याच्या शोधात निघालेली असतात. त्यांना तिकीट लागत नाही.

एक गोष्ट मात्र फक्त बोटीवरूनच दिसते आणि तीच लोक पत्ते खेळण्यात घालवतात. सिडनी-होबार्ट प्रवासातल्या समुद्रातल्या दिवशी दुर्बीण घेऊन मागच्या डेकवर उभे राहा. अल्बाट्रॉस, म्हणजे लांबलचक पंखांचे समुद्रपक्षी, येतात. लाटेवरून चढणाऱ्या वाऱ्यावर पंख ताठ धरून पाण्याला टेकल्यासारखे येतात, वर उठतात, वळतात, पुन्हा खाली. पंख हलवणं जवळजवळ नाहीच. शाय अल्बाट्रॉस नावाची जात तर टास्मानियाच्या आसपासच्या तीन बेटांवर सोडून जगात कुठेच अंडी घालत नाही.

महिना विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. हंपबॅक देवमासे पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परतत असतात, ते वाटेत दिसू शकतात. होबार्टला वाऱ्याचं जॅकेट लागेलच. आणि बोटीवरची फळं पिशवीत घालून टास्मानियात उतरू नका, बंदरावर हुंगणारी कुत्री असतात आणि नियम कडक आहेत.