तुम्ही विचारलंत म्हणून : हे सगळं पुण्याला का देत नाही?

गावात पाहुणा आला की शाळेच्या जुन्या खोलीतलं जुन्या कागदांचं आमचं कपाट बघतो आणि म्हणतो, “बाई, हे इथं कशाला ठेवलंय? पुण्याला एखाद्या संग्रहालयाला देऊन टाका की.” परवा तुम्हीही तेच विचारलंत. उभ्याउभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी चुलत सासऱ्यांचा वाडा पाडून स्लॅबचं घर बांधायला घेतलं. माळ्यावर मोडी लिपीतल्या कागदांच्या चार पेट्या निघाल्या. कुलकर्णी वतनं, म्हणजे गावचं दफ्तर लिहिण्याचे पिढीजात हक्क, १९५१ साली गेली, पुढे मोडीही शाळेतून गेली, त्यामुळे घरात ते वाचणारं कोणी उरलं नव्हतं. अक्षर म्हणजे सरस्वती, ते जाळायचं नाही, म्हणून हळदकुंकू वाहून पेट्या नदीत रिकाम्या केल्या. मी नवी सून, काठावर गप्प उभी होते. कागद बांधलेल्या रुमालांचं तांबडं कापड वळणापर्यंत दिसत होतं. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

संग्रहालयांविषयी, संशोधन मंडळांविषयी माझ्या मनात आदरच आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दफ्तरं धुंडाळत राहिले म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे राहिले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं नसतं, तर आमच्या पेट्यांसारख्या आणखी किती पेट्या वाहून गेल्या असत्या कोण जाणे. पण एक गोष्ट सांगते.

आमच्याकडे वाटणीचा एक कागद आहे. पुण्याच्या एका जाणकाराने तो अक्षर न् अक्षर वाचून दिला. त्यात ‘लवणाचें थळ’ असं होतं. त्यांनी बाजूला टीप लिहिली : मिठाचं शेत? आमच्या डोंगराकडच्या गावात मीठ कुठलं, म्हणून मीही बुचकळ्यात पडले. शेवटी शेळ्या राखणाऱ्या एका आजींना विचारलं. त्या हसल्याच. “अगं, लवाण म्हंजी वढ्याकडं उतरती खोलगट जागा. त्या जांभळीखाली न्हाय का, तीच.” दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून चालत गेले. कागदातली चतुःसीमा तिथे जशीच्या तशी : पूर्वेला ओढा, दक्षिणेला पांद, म्हणजे शेतांमधली वाट. मोडी पुण्यात वाचता येते, पण लवण दाखवायला आजीच लागतात.

दगडांचंही तसंच आहे. ओढ्याकाठी आमचे तीन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा : तळाला लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्रसूर्य. आमच्या एका वीरगळात तळाच्या चौकटीत गाई कोरल्यात, म्हणजे तो गाई वाचवताना पडला. तो उभा आहे तिथूनच जुनी गुरवाट घाटाकडे जाते. दगड उचलून काचेमागे ठेवला तर कोरीव काम राहील, पण वाट मागेच राहील. भक्तीपोटी त्याला ऑइलपेंट फासत असत, त्याने रेषा बुजत चालल्या होत्या. भजनी मंडळाला बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड पाडून गाई दाखवल्या. तेव्हापासून फक्त हार घालतात.

चुका माझ्याही झाल्या. सुरुवातीला एक सुंदर पत्र टिकावं म्हणून लॅमिनेट करून आणलं. आता ते पिवळं पडलंय आणि प्लॅस्टिक सोडवायला जावं तर अक्षरही सोबत येतं. म्हणून हल्ली कागदाला काही चिकटवत नाही. सुती रुमाल, वेखंडाची पुरचुंडी, बस. कागद ज्या घराचा त्याच घरात राहू देतो. कपाटात आहे ते ज्यांनी आपणहून आणून दिलं तेवढंच. बाकी घरांत सकाळच्या उजेडात खिडकीशी बसून मोबाइलवर फोटो काढतो आणि वहीत लिहितो : कोणाच्या घरचा, कोणत्या पेटीतला, देताना घरातलं माणूस काय म्हणालं. ते म्हणणं मला कागदाइतकंच मोलाचं वाटतं. फोटोंची एक प्रत मात्र पुण्याला आहे. तिथे मोडी वाचणारे आहेत आणि आमच्या खोलीचं छप्पर गळतं.

लोक लगेच पेटी उघडत नाहीत. जमिनीचं भांडण उकरलं जाईल ही भीती खरी आहे. म्हणून घरमालकाने नको म्हटलेलं पान आम्ही कोणाला दाखवत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, जन्ममृत्यूची जुनी कोतवाल बुकं बाहेर निघाली, तेव्हा आमच्याकडेही माणसं पणजोबांचं नाव शोधत आली. बहुतेकांना ते मिळालं नाही. पण जाताना दोघं म्हणाले, “आमच्याही माळ्यावर एक गाठोडं आहे.”

लवण दाखवणाऱ्या आजी मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या आवाजात चौदा थळांची नावं रेकॉर्ड झाली आहेत. त्याच कागदांतली नऊ अजून कुठली ते लागत नाही. पाऊस लागला की मेंढरं घेऊन धनगरवाड्यावरचे आजोबा परत येतील. वही घेऊन आधी त्यांच्याकडे जायचं आहे.