नोंद १४ : ध्रुवाची कविता सुटली, पण 'अढळ' गेलं

पाच आठवडे अडकलेली ध्रुवाची कविता परवा रात्री हलली, म्हणून ही नोंद. रोहिणी आणि कृत्तिका मागेच झाल्या, त्यांच्याबद्दल नवीन काही नाही. अडचण होती ती मंगलाचरणाची. सत्तावीस नक्षत्रांवरच्या कवितांची माळ ओवायची तर आधी ध्रुवाला वंदन हवं आणि तेही भुजंगप्रयात वृत्तातच हवं, असं मी पहिल्या नोंदीपासून म्हणत आले आहे.

अडचण अशी, की भुजंगप्रयातात लगागा चार वेळा, म्हणजे एक लघू (ऱ्हस्व) अक्षर आणि मागोमाग दोन गुरू (दीर्घ). दोन लघू शेजारी येण्याची सोयच नाही. आणि 'ध्रुव' म्हणजे दोन लघू! ते एक वेळ निभावतं, कारण विभक्ती लागली की 'ध्रुवाला', 'ध्रुवाचा' हे नेमके लगागा होतात. जणू वृत्तासाठीच घडवलेत. पण ज्या शब्दासाठी ही कविता लिहायला घेतली तो 'अढळ' तीन लघूंचा. मग 'अचल' घेतला, तोही तीन लघू. 'अविचल' चार. 'निश्चल' शेवटच्या दोन लघूंवर अडला, 'स्थिर' तर दोनच लघू. वही भरत गेली. न हलणाऱ्या वस्तूला मराठीत जितके शब्द आहेत तितके या वृत्ताने एकेक करून परत पाठवले. 'ठाम' बसत होता, पण तो माणसाच्या मताला शोभतो, ताऱ्याला नाही.

शेवटी क्रियापदाची वाट धरली: 'ढळेना कधी तो, ढळेना कधीही'. मात्रा चोख, तरी ओळ निर्जीव. त्यात हे मनाच्या श्लोकांचं वृत्त. कानाला त्याची इतकी सवय की नकारार्थी क्रियापद आलं की सूर आपोआप उपदेशाकडे वळतो. मला उपदेश नको होता. मला रात्री दोन वाजता उत्तरेकडे तोंड करून उभं राहिल्यावर जे वाटतं ते हवं होतं.

परवा आकाश स्वच्छ होतं, म्हणून लिहिणं सोडून कॅमेरा लावला. ५० मिमीची लेन्स, ३० सेकंदांची एक अशी २४० चित्रं, म्हणजे दोन तास. सगळी एकावर एक चढवली तेव्हा ताऱ्यांच्या रेषा ३० अंशांच्या कमानी होऊन मध्याभोवती फिरलेल्या दिसल्या. नेहमी मी इथेच थांबते. या वेळी ध्रुवाला वंदन करायचं म्हणून मधला भाग मोठा करून पाहिला. तिथे ठिपका नव्हताच. होती एक बारीकशी वाकडी रेघ, नखाने कागदावर ओढावी तेवढी. बाकीच्या कमानींसारखीच, तितकीच वळलेली, फक्त अगदी चिमुकली.

माहीत नव्हतं असं नाही. ध्रुव तारा ध्रुवबिंदूपासून, म्हणजे आकाश ज्याभोवती फिरताना दिसतं त्या बिंदूपासून, सुमारे ०.६ अंश बाजूला आहे, पूर्ण चंद्राच्या व्यासापेक्षा थोडं जास्तच. म्हणजे त्याची रोजची फेरी जवळपास अडीच चंद्रांइतकी रुंद. आकडा दहा वेळा वाचला होता, पण ती रेघ पाहिली नव्हती. त्याचा प्रकाशही चार दिवसांच्या चक्रात किंचित कमी-जास्त होतो. मी पाच आठवडे ज्या शब्दासाठी झगडत होते तो या ताऱ्याला लागूच नव्हता. त्याच रात्री वहीत उतरलं:

ध्रुवाला कधीही न लाभे विसावा
फिरे तोहि थोडा, कुणाला दिसावा?

पहिल्या खर्ड्यात 'कुठे रे मिळाला विसावा' होतं. त्या 'रे'ने पुन्हा उपदेश सुरू केला, म्हणून काढला. 'तोहि'मधला ऱ्हस्व काहींना खटकेल, मला चालतो.

आणखी एक ओळ आपसूक आली, तिचा आनंद वेगळाच आहे. सात ऋषींपैकी बहुतेक नावं या वृत्तात सरळ उतरत नाहीत. 'वसिष्ठ' आणि 'पुलस्त्य' लगाल, 'पुलह' तीन लघू, 'सप्तर्षी' तर सलग तीन गुरू. पण 'मरीची' हा चक्क लगागा! आणि सप्तर्षी क्षितिजावर येताना तो सर्वांत शेवटी वर येतो. म्हणून:

निघाले ऋषी सर्व, मागे मरीची

ही ओळ दिवसभर मनात घोळत होती.

साधनांबद्दल. वृत्त तपासणारं एक ॲप वापरून पाहिलं आणि काढून टाकलं. ते 'तुम्ही'तला 'तु' गुरू धरतं, 'दुसऱ्या'तला 'स' गुरू धरतं, आणि ओळीच्या मध्ये 'ध्रुवाला' आलं की मागच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरालाही गुरू करतं. मराठीत जोडाक्षराचा आघात मागे पडतो की नाही हे कानानेच ठरतं. चौकटीची वही, पेन्सिल आणि मोठ्याने म्हणणं, याला पर्याय नाही. स्टेलॅरियम, म्हणजे कुठल्याही काळचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र हवंच.

त्यातच काल वर्ष मागे नेत इसवी सनपूर्व २८०० पर्यंत गेले. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या संथ घिरकीमुळे, ध्रुवबिंदू सुमारे २६,००० वर्षांत एक वर्तुळ पुरं करतो, आणि तेव्हा तो कालेय तारकासमूहातल्या ठुबान ताऱ्याजवळ होता. पुढे नेलं तर २१०० च्या सुमारास आपला ध्रुव बिंदूच्या सर्वांत जवळ येतो, मग दूर जाऊ लागतो. सुमारे १२,००० वर्षांनी त्या भागातला ठळक तारा अभिजित असेल.

हे लिहितालिहिताच बेत बदलतोय. मंगलाचरण एकट्या ध्रुवाचं का? तिघांचं करावं: ठुबान, ध्रुव, अभिजित. 'ठुबानास' भुजंगप्रयातात सहज बसतो. 'अभिजित' चार लघू, तो कधीच बसणार नाही. पण पादाकुलक या मात्रावृत्तात चार मात्रांचे चार गट असतात, आणि 'अभिजित' हा तिथे एक अख्खा गट होतो. तिसऱ्या भागात वृत्तच बदललं तर? ध्रुव बदलतो तिथे चालही बदलेल. शिवाय काही जुन्या याद्यांत अभिजित अठ्ठाविसावं नक्षत्र धरलेलं आहे, म्हणजे माळेत त्याची जागा आहेच.

तिसऱ्या भागाची शेवटची ओळ ठुबानाच्या पहिल्या ओळीत परत जावी असं वाटतंय. पादाकुलकातून लगागात परतायचं कसं, ते सुचलेलं नाही. कुणी दोन वृत्तांचा असा सांधा केला असेल तर ओळी जरूर दाखवा. तोवर आज रात्री ठुबानाचा पहिला चरण.