दोन ‘ऱ्या’ आणि कोहाची मंडळी

इंदूरला राजवाड्याजवळच्या आमच्या मराठी वाचनालयात पुस्तकांची यादी मी सांभाळते. यादी कोहा नावाच्या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर आहे. कोहा न्यूझीलंडच्या हॉरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांत जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. त्याचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा.

आमची अडचण ‘दुसऱ्या महायुद्धा’ची. शोधलं की निम्मी पुस्तकं यायची, निम्मी गायब. “अहो, कपाटात आहे ते, मीच लावलंय!” काउंटरवरच्या काकू वैतागायच्या. संगणक बघणाऱ्याने “सगळं परत टाइप करा” म्हणून हात झटकले.

शेवटी कोहाच्या मंडळींना विचारलं. हळहळ कुणी केली नाही, उलटतपासणीच सुरू झाली. आवृत्ती कोणती? शोधाचं इंजिन कोणतं, झेब्रा की इलॅस्टिकसर्च? एक सापडणारी नोंद आणि एक न सापडणारी, दोन्ही जशाच्या तशा पाठवा, फोटो नको. फोटोत काय कळणार होतं म्हणा! दोन्ही ‘दुसऱ्या’ डोळ्यांना सारखेच. अक्षरं सुटी केल्यावर मात्र एकात निघाला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. टाइप करणारे दोघे, त्यांचे कीबोर्डही वेगळे.

उपाय सुचवणाऱ्याला देवनागरी वाचता येत नव्हती. अक्षरं कशी धरायची ते सांगणाऱ्या झेब्राच्या आयसीयू नियमांत एक ओळ घालायची: दुसरा प्रकार दिसला की तो पहिल्यासारखा धरायचा, शोधाची सूची बांधतानाही आणि शोधतानाही. ओळ घातली, सूची नव्याने बांधली. काकूंनी स्वतः शोधून बघितलं, मग कुठे विश्वास बसला.

त्यानंतर मलाच एक काम आलं. कोहात ज्याने दुरुस्ती लिहिली त्याचा शब्द पुरत नाही; आधी दुसऱ्या कुणीतरी ती तपासून सही द्यायची, मग गुणवत्ता बघणारे, मग ती मुख्य कोडात. तपासायला सँडबॉक्स, म्हणजे चाचणीपुरतं वेगळं कोहा, मिळतो, ब्राउझरमध्येच. प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. माझ्याकडे आलेली दुरुस्ती पावतीच्या छपाईची होती. दुरुस्तीआधी चूक दिसते का ते बघा, मग दुरुस्ती लावून तेच परत करा, असं पायरीवार लिहिलेलं. लांबलचक मराठी नाव घातलं तर पावतीची ओळ तुटत होती. सही दिली नाही. नाव कोणतं, तुटलं कुठे, ते लिहून पाठवलं. दुरुस्ती करणाऱ्याने आभार मानले आणि नवी प्रत पाठवली. ती चालली. खाली सही माझी आहे.