आमची वाटचाल : वूफर जुना, बॉक्स नवा

आमचं मूळ काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, हेडलाइट. सांगली-मिरज रस्त्याला एका शटरचं दुकान. टेप बसवायची कामं त्यातूनच यायला लागली. आधी वडापच्या जीपा, मग ऊस ओढणारे ट्रॅक्टर. हंगामात कारखान्याच्या रांगेत रात्र काढायची म्हणजे गाणं हवंच. मागणी एकच, "आण्णा, काच हलली पायजे." नवा सबवूफर (म्हणजे जाड, खालचा आवाज देणारा मोठा स्पीकर; आम्ही नुसतं वूफर म्हणतो), ॲम्प्लिफायर आणि वायरिंग यांचा आकडा सांगितला की माणूस गप्प व्हायचा. म्हणून आम्ही जुना, वापरलेला माल ठेवायला लागलो.

माल मिळायला अडचण नव्हती. गाडी विकताना लोक सिस्टीम उतरवून घेतात. पोर झालं की डिकी मोकळी लागते. आमचा निम्मा माल बारशांमुळे येतो, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

घेताना मात्र गिऱ्हाइकासमोरच तपासतो. कोन, म्हणजे वूफरचा पुढचा पडदा, दोन्ही हातांनी सारखा दाबायचा. आत खरखरलं तर कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारं तारेचं वेटोळं, घासतेय. मग मल्टिमीटरनं कॉइलचा रोध, म्हणजे ओहम, मोजायचा. 4 ओहमची धड कॉइल साधारण 3.2 ते 3.7 दाखवते. काहीच दाखवलं नाही तर ती तुटलेली, आणि आकडा फारच खाली गेला तर आत जळून चिकटलेली. जळकी कॉइल नाकालाही कळते. कडेचा फोम जुना झाला की बोट लावताच भुगा होतो; रबर टिकतं.

धंद्याला खरं वळण लागलं 2019 च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि शहरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या त्याला हिशेब नाही. पुढे बाजारात स्वस्त सेट दिसायला लागले, वरून पुसून चकचकीत. आम्ही बॉक्स उलटा करून बघायचो. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) खालून फुगलेलं, स्क्रू गंजलेले, टर्मिनल हिरवी, कार्पेटच्या सांध्यात वाळलेला गाळ. तेव्हापासून वूफर जुना चालेल, पण बॉक्स जुना घ्यायचा नाही, असं ठरलं. आमचा सुतार 18 मिलिमीटरच्या एमडीएफमधून तो मापानं बनवतो आणि सांधे आतून बंद करतो.

शेजारच्या मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांना भोपळ्याचं मोल सांगावं लागत नाही. आमच्या गिऱ्हाइकाला बॉक्सचं सांगावं लागतं. बारा इंची वूफरच्या बंद बॉक्सला साधारण एक घनफूट जागा पुरते; नेमकं माप कंपनीच्या कागदावरून घ्यायचं. बंद बॉक्समध्ये ढोलकीचा ठोका आखूड आणि स्वच्छ येतो. काच हलवायची असेल तर पोर्टवाला, म्हणजे हवा जायला भोक ठेवलेला, बॉक्स, पण तो डिकी खातो.

वायरिंगमध्ये आम्ही काटकसर करू देत नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज, अर्थिंगला रंग खरवडून उघडा पत्रा, टेपकडून ॲम्प्लिफायरला आवाज नेणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरपासून लांब. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकर कुंईं करतो. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मिळते. तेवढ्याच जाडीत ती तांब्याएवढा करंट नेत नाही. ट्रक 24 व्होल्टचा असतो, तिथं कन्व्हर्टरशिवाय हात लावत नाही.

डबल कॉइलच्या वूफरला तर जास्तच जपावं लागतं. 4 ओहमच्या दोन कॉइली पॅरलल जोडल्या की 2 ओहम होतात, सिरीज केल्या की 8. ब्रिज करून (दोन चॅनेल एकत्र जोडून) 4 ओहमच झेपणाऱ्या ॲम्प्लिफायरला 2 ओहम जोडले की तो तापतो आणि बंद पडतो. जोडणी माहीत नसलेल्या माणसाला मग वाटतं, जुना माल फसवा निघाला.

ॲम्प्लिफायरचा लो पास, म्हणजे वूफरला फक्त खालचा आवाज सोडणारा फिल्टर, 80 हर्ट्झच्या आसपास ठेवतो. बास दबलेला वाटला तर फेज (वूफरच्या जोडणीचं प्लस-मायनस) उलटून बघतो. वाद होतो तो गेनवरून, म्हणजे ॲम्प्लिफायर आत येणारा आवाज किती वाढवतो त्यावरून. आवाज फाटेपर्यंत गेन चढवला की कॉइल जळते, मग स्टिकरवर 1200 वॉट लिहिलेलं असो. तो आकडा बहुतेक वेळा क्षणभराचा असतो. आम्ही आरएमएस, म्हणजे सलग झेपणारे वॉट, बघतो.

जुन्या वूफरला गॅरंटी देत नाही, बॉक्स आणि वायरिंगला देतो. हल्ली लहान गाड्यांसाठी सीटखाली बसणारा, आतच ॲम्प्लिफायर असलेला वूफर मागतात. तो वापरलेला आला की अर्धा तास वाजवत ठेवतो आणि मधूनमधून बॉडीला हात लावून बघतो. गिऱ्हाईक तोवर समोरच्या गाड्यावर चहा पिऊन येतं.