हजेरीच्या मशीनमधले ठसे

‘पासवर्डसारखे ठसेही हॅश करून ठेवा’ हा सल्ला सारखा ऐकू येतो. तो चालत नाही. हॅश म्हणजे माहितीवरून काढलेला आकडा; त्यावरून मूळ माहिती परत मिळत नाही. हॅश जुळायला आत जाणारी माहिती शेवटच्या बिटपर्यंत तीच लागते, आणि एकच अंगठा दोनदा ठेवला तरी तंतोतंत सारखा उमटत नाही. घाम, दाब, बोट जरा तिरकं पडणं, यातल्या कशानेही चार बिंदू सरकतात आणि हॅश पार वेगळा येतो. म्हणून नेहमीच्या मशीनमध्ये जुळवणीच्या वेळी साठवलेला टेम्पलेट, म्हणजे ठशावरून काढलेली नोंद, उघडावाच लागतो. तेव्हा विचारायचं ते हे: उघडायची किल्ली कुठे आहे, आणि जुळवणी कुठे होते?

‘आम्ही फोटो ठेवत नाही, नुसते आकडे ठेवतो’ असं विक्रेते सांगतात. आकडे म्हणजे रेषा जिथे संपते किंवा फुटते, त्या प्रत्येक बिंदूची जागा आणि कोन. आयएसओ १९७९४-२ या प्रमाणात एका बिंदूला ६ बाइट लागतात; ४० बिंदूंचा टेम्पलेट पाव केबीच्या आसपास. पण एवढ्यावरूनही सेन्सरला फसवू शकेल असा ठसा पुन्हा रचता येतो, हे बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवलं. म्हणजे टेम्पलेट गेला की ठसा गेला असंच धरून चालायचं.

ठसा वाचणाऱ्या (टच आयडीच्या) आयफोनमध्ये हा टेम्पलेट एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो आणि तो फक्त सिक्युअर एन्क्लेव्ह या चिपमधल्या वेगळ्या सुरक्षित भागालाच उघडता येतो. अॅपच्या हाती येतं ते जुळलं की नाही एवढंच. ऑफिसातल्या हजेरी मशीनचं तसं नसतं. बऱ्याच मशीनवर ४३७० हा पोर्ट (नेटवर्कवरून मशीनशी बोलायची वाट) उघडा असतो, कॉम-की (त्या वाटेचा पासवर्ड) ० असते, आणि अॅडमिन नेमलेलाच नसतो, त्यामुळे मेनूचं बटण दाबणाऱ्या कुणालाही आत जाता येतं. त्यात शाखेची हजेरी मुख्य ऑफिसात दिसावी म्हणून कुणीतरी राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून ठेवतो, म्हणजे ती वाट थेट इंटरनेटवर उघडतो. हे सगळं अर्ध्या तासात सुधारतं: अॅडमिन नेमा, कॉम-की बदला, मशीन वेगळ्या व्हीलॅनवर (ऑफिसच्या नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, शाखांसाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी एन्क्रिप्ट केलेली खासगी वाट) वापरा. युजर डेटाचा पेनड्राइव्हवर घेतलेला बॅकअप टेबलाच्या खणात पडलेला असतो, तोही आठवणीने शोधा.

डेटाबेस स्वतः लिहिणाऱ्यांनी टेम्पलेट एईएस-२५६ जीसीएम या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने बंद करावा आणि कर्मचारी क्रमांक ‘असोसिएटेड डेटा’ म्हणून त्याला बांधावा, म्हणजे क्रमांक बदलला तर टेम्पलेट उघडणारच नाही. हे बहुतेक जण सोडून देतात. मग टेबलात लिहिण्याची मुभा असलेला माणूस स्वतःचा टेम्पलेट साहेबांच्या क्रमांकासमोर चिकटवतो आणि सर्व्हर रूमचं दार उघडतो. एन्क्रिप्शन शाबूत, तरी चोरी झाली. किल्ली एचएसएममध्ये, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या वेगळ्या उपकरणात असावी. कॉन्फिग फाइलमध्ये कनेक्शन स्ट्रिंगशेजारी (डेटाबेसला जोडायच्या तपशिलाशेजारी) ठेवली तर कुलूप लावून किल्ली दाराला टांगल्यासारखंच.

रद्द करता येणारे टेम्पलेट, म्हणजे बिंदू एका गुप्त सूत्राने हलवून साठवणं, ही कल्पना आयबीएमच्या संशोधकांनी २००१ मध्ये मांडली. फुटलं तर सूत्र बदलायचं. मात्र यात जुळवणीची अचूकता सहसा घसरते, हे टेंडरमध्ये कुणी लिहीत नाही. शंभर-दोनशे माणसांच्या कारखान्याला माझ्या मते साधा उपाय बरा: टेम्पलेट डेसफायर या चिपच्या स्मार्ट कार्डावर, कार्ड कर्मचाऱ्याच्या खिशात, मध्यवर्ती साठाच नाही. कार्ड हरवलं तर ते रद्द करून पुन्हा नोंदणी करायची, बस.

डेटाबेस कितीही जपला तरी ठसा दुसरीकडून मिळू शकतो. तेलंगणात २०१८ मध्ये मालमत्ता नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे उतरवून रबरी ठसे बनवले आणि त्यांवर आधार पडताळणी करून सिमकार्डं सुरू केली. म्हणून सेन्सर घेताना जिवंत बोट ओळखणारा घ्या, आणि आपल्या आधारचं बायोमेट्रिक आधारच्या अधिकृत अॅपमधून लॉक ठेवा. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं.

जुनं मशीन एक्सचेंजमध्ये देताना ‘क्लिअर अटेंडन्स’वर थांबू नका. त्याने फक्त हजेरीच्या नोंदी जातात, ठसे आतच राहतात. ‘डिलीट ऑल डेटा’ करा, मग युजर काउंट ० दिसतोय का ते पाहा.